खालचा डावा कोपरा

गज्जम शेठ म्हणतात, सगळं दिसलं पाहिजे की हो,
एकदम.
चादर, टॉवेल, नॅपकिन, बाथरोब,
बहात्तर सालापासूनचा विश्वास,
मार्कंडेय महामुनींचा फोटो, तीन फोन नंबर,
आणि वर पळती लाल पट्टी, घाऊक दरात.
येणाऱ्यानं बघावं तरी कुठं, मी विचारलं.
बघंल की. देवानं डोळे दोन दिलेत.

दोन दिलेत. पण नजर एकच असते, शेठ,
हे मी बोलले नाही.
ॲडव्हान्स पर्समध्ये घातला
आणि अक्कलकोट रोडवरून स्कूटर काढली.

मे महिना. दुपारी तीनला सोलापूर
स्वतःच एक हीटमॅप असतं,
अशोक चौक लाल, साखर पेठ लाल,
कंबर तलावाच्या काठाला जरासा हिरवा डाग.
माणसं कशी चालतात बघा.
रस्त्यावर कुणी बाण काढलेला नसतो,
तरी सगळी एकाच वाटेनं,
भिंतीला धरून, मग रसवंतीच्या ताडपत्रीखाली,
मग उघड्यावरची एक धाव.
मांडणी म्हणजे एवढंच असावं,
सावली कुठं टाकायची ते ठरवणं.

नानांचे ग्राफ अजून ट्रंकेत आहेत.
बारीक घरं, लाल पेन्सिलीनं भरलेली,
मोराची चोच अकरा घरांची.
त्यावरून ते जकार्टची कार्डं पाडायचे,
आणि मला कळायचं नाही,
नुसती भोकं पाडून मोर कसा होतो.
ह्या घरात काहीच नाही का, नाना?
चिडायचे.
नाही कसं? तिथनं पण धोटा जातोच की.
रिकामं पण विणावं लागतंय.

म्हणून शेठचं पान मी रिकामं विणलं.
पट्टी थांबवली. नंबर एकच.
महामुनी वर, लहान, पण हळदीसारखे पिवळे.
मधोमध एक चादर,
तिच्या घडीची तिरकी कड
नजरेला बोट धरून नेईल बटणापर्यंत.
बटण डाळिंबी.
येणारा वरून येईल, घडीवरून घसरेल,
थांबेल, दाबेल.
खात्री होती मला.

अम्मापुढं मोबाईल धरला.
तिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
हजारात अजून दीडशे विड्या कमी.
तिनं तंबाखूचा अंगठा पदराला पुसला.
मी पडद्याकडं नाही, तिच्या डोळ्यांकडं बघत होते.
बटणाकडं गेले नाहीत ते.
देवाकडंही नाही.
खालचा डावा कोपरा. तिथंच खिळले.

हितं धागा हुकलाय, म्हणाली.

मला चारपट मोठं करून बघावं लागलं.
होता. काठापासून बोटभर आत,
आडवा एक धागा,
बोलता बोलता कुणी उठून गेल्यासारखा.
नाना आले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
हा बारा नंबर. एल्लप्पाचा माग.
दर हातभर अंतरावर एक असा सोडायचा.
मालकानं दोनदा पगार कापला,
माग काय सुधारला नाही.
आता एल्लप्पा पण नाही, माग पण भंगारात,
ही चादर कुठनं काढली यांनी?
अम्मा पुन्हा पानं कापायला लागली.

शेठ खूश.
मोकळं मोकळं वाटतंय की, पुण्यातल्यासारखं.
कोपऱ्याचं मीच सांगितलं. का सांगितलं?
मग काप की तेवढं, त्यात काय.
कापलं. दोन मिनिटांचं काम.

पान चालतंय. हुबळीहून, सुरतेहून ऑर्डरी येतात,
लोक घडीवरून घसरतात, ठरल्या जागी थांबतात.
मी उघडलं तर माझी नजर
वरून येतच नाही,
सरळ जाते खाली, डावीकडं,
जिथं पडदा संपतो
आणि नुसतं टेबलाचं लाकूड.